नोकरीसाठी अमेरिकेला निघताय? पैशांची कामं आधी कुठली, नंतर कुठली

दर मार्चमध्ये मला ओळखीपाळखीतून फोन येतात. प्रश्न ठरलेला: "आम्हाला अमेरिकेत येऊन दोन वर्षं झाली. भारतातल्या एफडी इथल्या रिटर्नमध्ये दाखवायच्या असतात का?" असतात. त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं: "पण एनआरईचं व्याज तर करमुक्त असतं ना?" एनआरई म्हणजे अनिवासीने परदेशातली कमाई ठेवायचं भारतातलं खातं. त्याचं व्याज भारतात करमुक्त असतं, अमेरिकेत नसतं.

यातल्या बहुतेकांनी काही लपवलेलं नसतं. कामं उलट्या क्रमाने केलेली असतात, एवढंच. जे निघण्याआधी करायचं ते पोचल्यावर सुचतं, आणि जे पहिल्या वर्षी करायचं ते तिसऱ्या वर्षी. हा लेख एच-१बी किंवा एल-१ या नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्या, इकडे एखादा फ्लॅट, चार एसआयपी, पीपीएफ आणि आईवडिलांबरोबरचं जॉइंट खातं मागे ठेवणाऱ्यांसाठी आहे. एफ-१ वर जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे अमेरिकेतले दिवस करासाठी साधारण पाच कॅलेंडर वर्षं मोजले जात नाहीत. त्यांचा हिशेब वेगळा, तो इथे घेतलेला नाही.

टप्पा १: दोन तारखा काढा, बाकी सगळं नंतर

भारताचं करवर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर. तुम्ही कुठल्या देशाचे "रहिवासी" ते दोन्हीकडे दिवस मोजून ठरतं, पण मोजायची पट्टी वेगळी आहे.

भारताची पट्टी: नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला, तर तो त्या वर्षासाठी अनिवासी. १ एप्रिलपासून इथेच असाल तर २८ सप्टेंबरपर्यंत निघायला हवं. निघण्याचा दिवसही भारतातलाच धरा, म्हणजे १८१ दिवस होतात.

अमेरिकेची पट्टी: चालू वर्षातले सगळे दिवस, अधिक मागच्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश, अधिक त्याच्या मागच्या वर्षाचा एक षष्ठांश. बेरीज १८३ किंवा जास्त आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस, तर तुम्ही रहिवासी. पूर्वी कधी गेलेला नसाल आणि मध्ये बाहेर जाणार नसाल, तर सीमारेषा २ जुलैची. त्या दिवशी किंवा आधी उतरलात तर वर्षअखेरपर्यंत १८३ दिवस भरतात.

एक उदाहरण. पुण्याचा एक जण २० ऑगस्टच्या पहाटेच्या विमानाने निघतो आणि त्याच तारखेला तिकडे उतरतो. भारतात त्याचे १४२ दिवस झाले, म्हणून इथे अनिवासी. अमेरिकेत वर्षअखेरपर्यंत १३४ दिवस, म्हणून तिथेही त्या वर्षापुरता अनिवासी. आता हाच माणूस मागच्या वर्षी १५० दिवस ऑनसाइट जाऊन आलेला असेल, तर त्याचा तिसरा हिस्सा ५० दिवस. १३४ अधिक ५०, झाले १८४. एका दिवसाने अमेरिकेचा रहिवासी! बी-१ वर, म्हणजे कामानिमित्तच्या भेटीच्या व्हिसावर, केलेल्या फेऱ्याही यात धरतात आणि लोक नेमक्या त्याच विसरतात.

तपासा: पासपोर्टवरचे मागच्या तीन वर्षांतले शिक्के आणि अमेरिकेच्या आय-९४ च्या, म्हणजे तिथल्या प्रवेश-नोंदीच्या, संकेतस्थळावरचा प्रवास-इतिहास शेजारी ठेवून दिवस मोजा. आठवणीवर विसंबू नका.

टप्पा २: निघण्याआधी म्युच्युअल फंडांचा निकाल लावा

सगळ्यात महाग चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू.

भारतातला म्युच्युअल फंड अमेरिकेच्या कायद्याच्या नजरेत पीएफआयसी, म्हणजे परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी. इक्विटी, डेट, लिक्विड, ईटीएफ, सगळे त्यातच. नुसतं ठेवायचं आणि विकायचं एवढंच केलंत, तर विक्रीच्या वेळी नफा धारण केलेल्या काळावर वाटला जातो. तुम्ही अमेरिकेचे रहिवासी असतानाच्या मागच्या वर्षांच्या वाट्याला सर्वोच्च दराने कर आणि वर व्याज लागतं. दर वर्षी बाजारभावाने नफा दाखवण्याचा दुसरा मार्ग आहे, पण त्यात न विकताच कर भरायचा. शिवाय फॉर्म ८६२१ प्रत्येक फंडासाठी वेगळा. सात फंड, सात फॉर्म, आणि सीपीए, म्हणजे तिकडचा सीए, प्रत्येक फॉर्मचे पैसे घेतो.

दुसरी गोष्ट लोकांना पटतच नाही: तुम्ही अमेरिकेचे रहिवासी झालात म्हणून तुमच्या गुंतवणुकीची खरेदी-किंमत नव्याने धरली जात नाही. २०१८ साली घेतलेला फंड पुढे तिकडून विकलात, तर नफा २०१८ च्या किमतीपासून मोजणार.

आता आकडे. ४ लाखांचे युनिट आज ९ लाखांचे झालेत, इक्विटी फंड आहे आणि वर्षाहून जास्त काळ ठेवलाय. नफा ५ लाख. त्यातले सव्वा लाख सूट, उरले ३ लाख ७५ हजार. त्यावर १२.५ टक्के म्हणजे ४६,८७५ रुपये, ४ टक्के उपकर धरून ४८,७५०. रहिवासी होण्याआधी विकलंत तर विषय इथे संपतो. "मार्केट अजून वर जाईल" म्हणून थांबणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: मार्केट वर जाईलही, पण तो नफा तुमच्या हातात किती उरेल ते आधी बघा.

केव्हापर्यंत विकायचं? २ जुलैच्या आत उतरणार असाल तर विमानात बसण्याआधी. आपल्या २० ऑगस्टवाल्याला मात्र ३१ डिसेंबरपर्यंत सवलत आहे, कारण त्याचं रहिवासीपण पुढच्या १ जानेवारीपासून सुरू होतं. पण ही सवलत तो स्वतःच घालवू शकतो. कशी, ते सहाव्या टप्प्यात.

बाकीच्या गोष्टी भरभर:

भारतीय कंपन्यांचे थेट घेतलेले शेअर सहसा या जाळ्यात येत नाहीत. ते ठेवायला हरकत नाही, लाभांश मात्र दर वर्षी दाखवायचा. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पंधरा वर्षांनंतर अनिवासीला वाढवता येत नाही आणि नवं उघडताही येत नाही. पीपीएफचं व्याज अमेरिकेत दाखवायचं धरूनच चाला. युलिप, म्हणजे गुंतवणूक जोडलेली विमा पॉलिसी, असेल तर निघण्याआधीच अशा माणसाला विचारा ज्याने पूर्वी एखाद्याचं युलिप अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवलंय. विकणाऱ्या एजंटला विचारू नका. ईएलएसएसला, म्हणजे करबचतीच्या फंडाला, तीन वर्षांचं कुलूप असतं, म्हणून जाण्याचं ठरतंय असं दिसलं की त्यात नवीन पैसे टाकणं थांबवा.

सावधान: फंड विकले पण बँकेतला एसआयपीचा मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, चालूच राहिला, असं सर्रास होतं. पुढच्या पाच तारखेला पुन्हा युनिट खरेदी होतात आणि तुम्हाला पत्ताच नसतो. मँडेट रद्द झाल्याचा मेसेज आला का, ते बघा.

टप्पा ३: कागद गोळा करा

फ्लॅटचा करारनामा, सूची क्रमांक दोन, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीच्या पावत्या, नंतर केलेल्या मोठ्या कामांची बिलं, हे सगळं स्कॅन करून घ्या. दहा वर्षांनी फ्लॅट विकाल तेव्हा अमेरिकेत हिशेब डॉलरमध्ये लागेल: खरेदीच्या दिवशीचा दर खरेदीला, विक्रीच्या दिवशीचा विक्रीला. समजा ४५ लाखांना घेतला तेव्हा डॉलर ४५ रुपये होता आणि ९० लाखांना विकला तेव्हा ९०. भारतात ४५ लाखांचा नफा, अमेरिकेत शून्य. एक लाख डॉलरला घेतला, एक लाख डॉलरला विकला. पण खरेदीची तारीख आणि रक्कम दाखवणारा कागद नसेल तर हे सिद्ध कसं करणार?

कुलमुखत्यारपत्र निघण्याआधीच करून, नोंदवून घ्या. तिकडून करायचं तर वकिलात किंवा नोटरी, मग कुरिअर, मग इथे आल्यावर पुन्हा मुद्रांक. वडिलांना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तुमच्याबरोबर एकदाच नेणं त्यापेक्षा सोपं. त्यात फक्त "फ्लॅट विकणे" लिहू नका. भाडेकरार, सोसायटीची कामं, बँकेतून जुने उतारे मागणं हेही लिहा.

गावाकडे शेती असेल तर सातबाऱ्यावर तुमचं नाव राहू शकतं, वारसाने आलेली जमीन ठेवता येते. अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन किंवा फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. "नंतर बघू" म्हणून ठेवलेला व्यवहार असेल तर तो विचार आत्ताच करा.

आणि एक अगदी साधी गोष्ट: भारतातलं सिमकार्ड चालू ठेवा आणि रोमिंगवर एसएमएस येतात का, ते निघण्याआधी बघा. बँक, आधार, आयकराचं पोर्टल, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. नंबर बंद पडल्यावर तो परत मिळवायला लोक भारतवारी करतात.

टप्पा ४: बँकेला सांगा

इथे एक तिसरी पट्टी आहे. परकीय चलनाच्या कायद्यात, म्हणजे फेमात, दिवस मोजत बसावं लागत नाही. नोकरीसाठी देश सोडला की तुम्ही त्या दिवसापासून अनिवासी. म्हणून साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. "रिटर्न भरताना बघू" हा युक्तिवाद इथे चालत नाही.

एनआरओमध्ये भारतातलं उत्पन्न जमा होतं: भाडं, व्याज, लाभांश. त्यावरच्या व्याजातून बँक ३० टक्के आणि उपकर मिळून ३१.२ टक्के टीडीएस कापते. दुहेरी करासंबंधीच्या भारत-अमेरिका करारानुसार हा दर १५ टक्क्यांवर आणता येतो. त्यासाठी अमेरिकेचं रहिवासी-प्रमाणपत्र लागतं, म्हणजे फॉर्म ६१६६, जो फॉर्म ८८०२ भरून मागवायचा. तिथलं रिटर्न भरण्याआधी तो सहसा हाती येत नाही, म्हणून पहिल्या वर्षी जास्त कापलेला टीडीएस भारतात रिटर्न भरूनच परत मिळवायचा.

एनआरईमध्ये तिकडची कमाई पाठवायची. व्याज भारतात करमुक्त, पैसे हवे तेव्हा परत नेता येतात. अमेरिकेच्या रिटर्नमध्ये हे व्याज पगारासारखंच उत्पन्नात मिळवलं जातं. भारतात कर भरलेलाच नसतो, त्यामुळे श्रेयही, म्हणजे तिकडच्या करातून वजावटही, काही मिळत नाही. "एनआरई एफडीला सात टक्के करमुक्त" हे गणित अमेरिकेत राहणाऱ्यासाठी नाही.

भारतातल्या बँका अमेरिकी रहिवाशांच्या खात्यांची माहिती २०१५ च्या करारानुसार अमेरिकेकडे पाठवतात. बँकेने कर-रहिवासाचा फॉर्म पुढे केला की त्यात भारत टिकमार्क करून मोकळं होऊ नका.

टप्पा ५: उतरल्यावरचे पहिले दोन महिने

सोशल सिक्युरिटी नंबरसाठी अर्ज करा. जोडीदार एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल तर कामाच्या परवान्याशिवाय त्याला किंवा तिला तो नंबर मिळत नाही, आयटीआयएन, म्हणजे कर खात्याचा वेगळा ओळख क्रमांक, लागतो आणि तो बहुधा पहिल्या रिटर्नबरोबर फॉर्म डब्ल्यू-७ जोडूनच मागायचा असतो.

राज्य कुठलं, हेही बघा. टेक्सास आणि वॉशिंग्टनमध्ये पगारावर राज्याचा आयकर नाही. कॅलिफोर्नियात आहे, आणि कॅलिफोर्निया भारताबरोबरचा करार मानत नाही, भारतात भरलेल्या कराचं श्रेयही देत नाही. फ्रीमाँट-सनीवेलकडच्या मंडळींना पुण्याच्या फ्लॅटचं भाडं दोनदा करात गेलेलं दिसतं ते यामुळे.

टप्पा ६: अमेरिकेतलं पहिलं रिटर्न

इथे क्रम महत्त्वाचा. सॉफ्टवेअर उघडून डब्ल्यू-२ चे, म्हणजे तिकडच्या पगाराच्या वार्षिक दाखल्याचे, आकडे भरायला बसू नका.

आधी दर्जा ठरवा. पहिल्या टप्प्यातल्या बेरजेवरून तुम्ही त्या वर्षी अनिवासी आहात, अर्धं-अर्धं म्हणजे ड्युअल-स्टेटस आहात की पूर्ण वर्षाचे रहिवासी, हे कागदावर लिहा. ऑगस्टवाला आपला माणूस अनिवासी, म्हणून त्याचा फॉर्म १०४०-एनआर. त्याला प्रमाणित वजावट, म्हणजे उत्पन्नातून मिळणारी सरसकट सूट, नाही आणि जोडीदाराबरोबर एकत्र रिटर्नही नाही.

मग पर्याय तपासा. त्याला "फर्स्ट-इयर चॉइस" घेता येतो. पुढच्या वर्षी रहिवासी ठरण्याइतके दिवस भरेपर्यंत थांबायचं, फॉर्म ४८६८ ने १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत वाढवायची आणि मागच्या वर्षासाठी रहिवासी व्हायचं. जोडीदार असेल तर पुढे जाऊन दोघांनी पूर्ण वर्ष रहिवासी धरून एकत्र रिटर्नही भरता येतं. कर बहुतेकदा कमी होतो. पण मग जगभरातलं उत्पन्न आत येतं. पूर्ण वर्ष धरलं तर जानेवारी ते ऑगस्टचा भारतातला पगार येतो, आणि ऑक्टोबरमध्ये विकलेले म्युच्युअल फंडही येतात. ३१ डिसेंबरपर्यंतची सवलत घालवता येते म्हणालो ती अशी. फंड मोठे आणि जोडीदाराला उत्पन्न नाही, अशा घरात दोन्ही प्रकारे आकडेमोड केल्याशिवाय ठरवू नका.

मग भारतातलं उत्पन्न महिन्यांप्रमाणे तोडा. भारतातलं पगाराचं टीडीएस प्रमाणपत्र आणि करकपातीचा वार्षिक उतारा एप्रिल ते मार्चचे असतात, ते जसेच्या तसे उचलायचे नाहीत. बँकेकडून "१ जानेवारी ते ३१ डिसेंबर" असं स्पष्ट लिहून व्याजाचं प्रमाणपत्र मागा. नाहीतर मार्चअखेरचंच हातात पडतं. मुदत संपल्यावर एकदम व्याज देणाऱ्या एफडीचंही त्या वर्षात साठलेलं व्याज दाखवायचं, पैसे हातात आले नसले तरी.

भारतात भरलेल्या कराचं श्रेय फॉर्म १११६ ने घ्या. ते भारतात खरोखर देय झालेल्या करापुरतंच मिळतं. रिफंड येणार असलेल्या टीडीएसचं श्रेय घेऊन बसलात, तर रिफंड आल्यावर ते परत फेडावं लागतं.

शेवटी खात्यांची माहिती. रहिवासी असलेल्या वर्षात सगळ्या परदेशी खात्यांची मिळून रक्कम एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरायचा. तो रिटर्नचा भाग नाही, फिनसेनच्या, म्हणजे अमेरिकी अर्थखात्यातल्या एका विभागाच्या, वेगळ्या पोर्टलवर जातो. मुदत १५ एप्रिल, आपोआप वाढून १५ ऑक्टोबर. आता ही यादी पाहा, प्रत्येक खात्याची वर्षातली सर्वाधिक रक्कम:

एनआरओ बचत: ३ लाख २० हजार
एफडी: २ लाख ५० हजार
पीपीएफ: ४ लाख १० हजार
आईबरोबरचं जॉइंट खातं: ६ लाख

बेरीज १५ लाख ८० हजार. डॉलरला ९० रुपये धरले तर साडेसतरा हजार डॉलर. एकही खातं स्वतंत्रपणे दहा हजाराला पोचत नाही, तरीही चारही दाखवायची. चौथी ओळ माझ्याच चुकीतून आलीय. पैसे आईच्या पेन्शनचे, मी त्यातला एक रुपया काढला नव्हता, म्हणून पहिली दोन वर्षं ते खातं मी मोजलंच नाही. नाव असलं की खातं तुमचंही. तिच्या पैशांवर तुम्हाला कर लागत नाही, माहिती द्यावी लागते.

याशिवाय परदेशी आर्थिक मालमत्तेचा फॉर्म ८९३८ रिटर्नबरोबर जातो. अमेरिकेत राहणाऱ्या एकट्यासाठी वर्षअखेरीस ५०,००० किंवा मध्ये कधीही ७५,००० डॉलर, एकत्र भरणाऱ्या दांपत्यासाठी याच्या दुप्पट, ही त्याची मर्यादा. एफबार भरला म्हणून तो टळत नाही.

टप्पा ७: भारतातलं रिटर्न थांबवू नका

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे. कलमांचे क्रमांक बदलले म्हणून ते इथे देत नाही. पण दोन जुन्या चुका तशाच चालू आहेत.

पहिली: "बारा लाखांपर्यंत कर नाही" ही सवलत रहिवाशांसाठी आहे. अनिवासीला नव्या पद्धतीत चार लाखांच्या पुढे दराप्रमाणे कर लागतो.

दुसरी: भाडेकरू. घरमालक अनिवासी असेल तर भाडेकरूने ३१.२ टक्के कापून सरकारकडे भरायचे असतात. भाडं किती का असेना. बहुतेक भाडेकरूंना हे माहीत नसतं. करारनाम्यात तुम्ही अनिवासी असल्याचं लिहा आणि टीडीएस कोण, कधी भरणार तेही लिहा. घर विकतानाही हाच प्रकार: खरेदीदार बहुधा पूर्ण विक्रीच्या रकमेवर टीडीएस कापतो. आधीच अर्ज करून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलंत, तर पैसे अडकत नाहीत.

टप्पा ८: घरून मोठी रक्कम आली तर

वडिलांनी जमीन विकून घरासाठी पैसे पाठवले. भारतात नातेवाइकाकडून आलेली भेट करमुक्त, अमेरिकेतही घेणाऱ्याला कर नाही. पण वर्षभरात भेटी किंवा वारसा मिळून एक लाख डॉलरच्या वर आलं, तर फॉर्म ३५२० भरायचा. न भरल्यास दंड महिन्याला पाच टक्के, पंचवीस टक्क्यांपर्यंत. आईकडून साठ हजार आणि वडिलांकडून साठ हजार असे तुकडे केले तरी ते एकत्रच धरतात. तुमच्या स्वतःच्या एनआरओतून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतं, सीएच्या प्रमाणपत्रासह.

आधीच चुकलं असेल तर

या वर्षीपासून गुपचूप बरोबर भरायला लागणं, किंवा जुनी रिटर्न कोणाला न सांगता दुरुस्त करून टाकणं, हे दोन्ही टाळा. हेतू नसताना चूक झाली असेल तर अमेरिकेच्या कर खात्याची स्ट्रीमलाइन्ड योजना आहे: तीन वर्षांची दुरुस्त रिटर्न, सहा वर्षांचे एफबार, आणि अमेरिकेत राहणाऱ्यांना परदेशी मालमत्तेच्या सर्वाधिक वर्षअखेर रकमेवर पाच टक्के दंड. खात्याची नोटीस आधी आली तर हा दरवाजा बंद होतो.

यात सगळ्यात जास्त वेळ जातो सहा वर्षांच्या बँक उताऱ्यांना. नेटबँकिंगवर सहसा एवढं मागचं दिसत नाही. शाखेत लेखी अर्ज द्यावा लागतो, आणि तो देणाऱ्याच्या हातात तुमचं मुखत्यारपत्र लागतं.